पहिलं बटण तात्यांचं

आमच्या शेजारचे तात्या कुणाच्याही घरी गेले की आधी पायपुसण्यावर पाय पुसतात आणि मग हाताचं अंगठ्याशेजारचं बोट सदऱ्याला पुसतात. पाय घरासाठी, बोट बटणासाठी. आता त्यांना बटण दाबायला कुणी बोलावत नाही, पण बोट पुसायची सवय काही सुटलेली नाही.

तात्या म्हणजे 'चांगुणा इलेक्ट्रॉनिक्स'चे मालक. घर मखमलाबादचं, भाजीपाला पिकवणारं. तरुणपणी कोथिंबीर विकायला पंचवटीत यायचे, ते एकदा कुणाचा तरी बंद रेडिओ उघडून बसले आणि पुन्हा कोथिंबिरीकडे वळलेच नाहीत. पंचवटीतच दुकान काढलं, त्याला आईचं नाव दिलं. नियम एकच. दुकानातून गेलेली वस्तू, मग तो मिक्सर असो की टीव्ही, गिऱ्हाइकाच्या घरी तात्या स्वतः येऊन चालू करणार. घरच्या बाईने वस्तूला हळदकुंकू लावायचं, घरधन्याने नारळ फोडायचा, मग तात्या वाकून काहीतरी पुटपुटणार आणि बटण दाबणार.

"बनवते कंपनी," ते म्हणायचे, "चालू आपन करतो."

ते पुटपुटणं म्हणजे मंत्र आहे, असा लोकांचा समज होता. त्र्यंबकच्या कुणा साधूने दिलाय, इथपर्यंत बातमी गेली होती. आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा मी मुद्दाम जवळ उभा राहून ऐकलं. तात्या टीव्हीला म्हणाले, "नीट राहा बाबा. मानसं चांगली हायेत." आमच्या वडिलांना हे प्रशस्तिपत्र इतकं आवडलं, की पुढे चित्र कितीही नाचलं तरी त्यांनी त्या टीव्हीला कधी थापट मारली नाही.

धंदा वाढला. सातपूरला दुकान झालं, ओझरला झालं, पिंपळगावलाही झालं. दुकानं चार झाली आणि बोट एकच राहिलं. सातपूरची कारखान्यातली मंडळी पाळी सुटल्यावर फ्रिज घेणार. पिंपळगावात द्राक्षांचे पैसे आले की अख्खी गल्ली एकदमच वॉशिंग मशीन घेणार. तात्या जीपमधून आग्रा रोडवर नुसते वरखाली करत. मुलगा नितीन शिकलेला, त्याने दुकानातल्या पोरांना बटण दाबायला पाठवून पाहिलं. गिऱ्हाइकांनी पोरांना चहा पाजून परत पाठवलं. "तात्या येऊ द्या, घाई नाय." एकदा तात्या तापाने पडले, तेव्हा पिंपळगावच्या एका बागायतदाराचा फ्रिज बंदच उभा राहिला. तात्या बरे होऊन पोचले तर आत कुरडया भरलेल्या. मालकाची तक्रार काहीच नव्हती. "कपाट म्हनून लय भारी हाय," म्हणाला.

मग वस्तू फोनवर मिळायला लागल्या. नितीनने दुकानांचं 'चांगुणा डिजिटल' केलं, काचा लावल्या, एसी बसवले. लोक आत येऊन गार वारा खात, कुठला फ्रिज चांगला ते तात्यांना विचारत, आणि त्यांच्यासमोरच उभं राहून तो फोनवरून मागवत. तात्या त्यांनाही खरं तेच सांगत. आधी ओझर बंद झालं, मग पिंपळगाव, मग सातपूर. पंचवटीच्या गाळ्यात आता केक मिळतात. नितीन पुण्याला नोकरीला लागला. जाताना तात्यांनी त्याला एवढंच विचारलं, "फोनवरून आलेलं चालू कोन करतं रे?"

"ज्याचं तो करतो, तात्या."

"ज्याचं तो," तात्या म्हणाले, आणि कुणीतरी गेल्यासारखे ओट्यावर जाऊन बसले. चार दुकानं बुडाल्याचं दुःख मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. हे मात्र ते महिनाभर सांगत होते.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या घरचा जुना फ्रिज गेला. तात्यांनी तो खोलला, पण सुटे भाग कुठे मिळेनात. नितीनने पुण्याहून फोनवर नवा मागवला. पोचवणारे दोघं आले, फ्रिज खोक्यातून काढून उभा केला, त्याचा फोटो काढला आणि पाणीही न पिता गेले. तात्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. "आपल्या दुकानचा नाय. मी हात लावनार नाय."

"नका लावू," तात्यांच्या पत्नी सुमनकाकू म्हणाल्या. "राहील तसाच."

आणि खरंच तसाच राहिला. काकूंचं दूध आमच्या फ्रिजमध्ये यायला लागलं. दुखरे गुडघे घेऊन त्या सकाळ-संध्याकाळ पातेल्यासकट आमच्या पायऱ्या चढत. मला ते बघवेना. म्हटलं, "काकू, एक बटण तर दाबायचं. मी दाबतो."

"गावभर ह्यांनी दाबलं," त्या म्हणाल्या, "आन माझ्या घरचं दुसऱ्यानं दाबायचं?"

दोघंही आपापल्या जागी अडून बसले होते. एका संध्याकाळी काकूंचा आमच्या पायरीवर पाय घसरला. लागलं नाही, पण दूध सगळं सांडलं. तात्या ओट्यावरून बघत होते. ते आले, काकूंना हात देऊन उठवलं, पातेलं स्वतः उचललं आणि घरी नेलं. मी मागोमाग गेलो.

"कुंकू आन," तात्या म्हणाले.

काकूंनी फ्रिजला हळदकुंकू लावलं. नारळ तात्यांनी स्वतःच फोडला; घरधनी तेच होते. मग हात धुतले, बोट सदऱ्याला पुसलं आणि वाकले. मी पुन्हा तसाच जवळ उभा होतो.

"नीट राहा बाबा," ते म्हणाले. पुढचं नेहमीचं वाक्य लवकर येईना. मग अगदी हळू म्हणाले, "मानसं म्हातारी हायेत. पोरगं लांब हाय."

त्यांनी बटण दाबलं. फ्रिज घुरघुरायला लागला. काकूंनी डोळ्यांना पदर लावला, ते रिकामं पातेलं घासून धुतलं आणि फ्रिजमध्ये ठेवून दिलं. दूध सकाळी येणार होतं.