गडाची तालीम

हरिश्चंद्रगडावर जायचं ते सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारीच, हे दत्तारामने गणपती बसायच्या आधीच जाहीर करून टाकलं. पाऊस आवरता घेतो आणि ऑक्टोबरची काहिली अजून सुरू होत नाही, असा वर्षात एकच आठवडा असतो, असं त्याचं म्हणणं. रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्या त्याला पटत नसत. घाटकोपरच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून तो स्वतः ढग बघायचा.

"आणि त्या दिवशी पाऊस आला तर?" अंधेरीच्या कारखान्यात त्याच्या शेजारी बसणाऱ्या भीमराजने विचारलं.

"नाही येणार."

"तू काय वर विचारून आलास?"

पण भीमराज तयार झाला. त्याची बायको शकुही तयार झाली. दत्तारामच्या बायकोला, प्रेमाला, कुणी विचारलं नाही. विचारायचं राहिलं, हे दत्तारामच्या लक्षातही आलं नाही.

हवामान ठरलं, तरी दम पुरेल का याची खात्री नव्हती. म्हणून निघायच्या दोन दिवस आधी, गुरुवारी पहाटे त्याने उसनी आणलेली सॅक घेतली, तीत तांदळाची पिशवी कोंबली, वजन कमी वाटलं म्हणून वर वरवंटा ठेवला आणि प्रेमा उठायच्या आत तो जिना चढउतर करू लागला. तिसऱ्या खेपेला तळमजल्यावरच्या वनमालाकाकू दूध घ्यायला दारात आल्या.

"एवढं सामान घेऊन कुठे निघालात?"

दत्तारामला इतकी धाप लागली होती की तोंडातून शब्द फुटेना. त्याने नुसता हात वर केला आणि टेकडीकडच्या रस्त्याला लागला.

काकूंनी त्या हाताचा सरळ अर्थ लावला. आदल्या रात्री वरच्या मजल्यावर भांडं पडल्याचा आवाज त्यांनी ऐकलाच होता. इमारतीत फोन फक्त त्यांच्याकडे. त्यांनी मुलुंडला प्रेमाच्या वडिलांच्या शेजाऱ्यांना निरोप दिला, "जावई हिमालयात निघालेत. लगेच या म्हणावं."

दत्ताराम टेकडीला वळसा घालून परत आला तेव्हा फाटकात सासरे उभे. लेंग्यावर शर्ट उलटा.

"जावयबापू, काय झाला ता माका सांगा," सीताराम काकुळतीने म्हणाले. "असा घर सोडून कोण जाता?"

दत्ताराम संस्कारांना जागला. पाया पडायला वाकला. सॅक पाठीवरून घसरून मानेवर आली, वरवंटा डोक्यावर आपटला आणि कमरेत कट् झालं. आशीर्वाद देऊन झाला तरी जावई वाकलेलाच.

"पुरे, पुरे. उठा आता," सीताराम म्हणाले.

"उठता येत नाहीये."

दोघातिघांनी त्याला तसंच काटकोनात वर नेलं. डॉक्टरांनी आठवडाभर पाठीवर झोपून राहायला सांगितलं.

शुक्रवारी संध्याकाळी भीमराज आणि शकु भेटायला आले. "तुझी तर वाट लागली यार," असं म्हणून भीमराजने सांत्वन केलं. बसायला जागा करायची म्हणून प्रेमाने ती भरलेली सॅक एका हाताने उचलली आणि कोपऱ्यात ठेवली. चौथ्या मजल्यावर नळाला पाणी चढत नसल्यामुळे ती रोज खालून हंडे आणत होती.

शकु बघत राहिली. "प्रेमा, तूच का नाही येत?"

"मी? आणि ह्यांचं?"

"जा गो तू," सीताराम म्हणाले. ते मुलुंडला परतलेच नव्हते. "हेंका मी बघतंय."

सगळ्यांनी दत्तारामकडे पाहिलं. नको म्हणायला त्याला काही कारण सापडेना. छतावरचा पंखा बघत तो म्हणाला, "हवा चांगली असेल."

हवा खरंच झकास होती. शनिवार-रविवार आभाळ निळंशार होतं आणि दत्ताराम उताणा पडून सासऱ्यांच्या हातची पेज पीत ते खिडकीतून बघत होता. निदान एखादी सर तरी यावी, असं त्याला दोनदा वाटून गेलं.

रविवारी संध्याकाळी प्रेमा आली. नाक उन्हाने रापलेलं, केसांत सोनकीची पिवळी फुलं.

"पाऊस?" त्याने विचारलं.

"थेंब नाही. तुम्ही म्हणाला होतात तस्संच." ती त्याच्या उशाशी बसली. "कड्यावर बसलो तर ढग खाली, पायाशी. तुमची फार आठवण आली."

दत्ताराम विरघळला. "दमली असशील."

"छे. दिवाळीनंतर परत जायचं ठरलंय." तिने त्याच्या कमरेखालची उशी हलकेच सारखी केली. "तुम्हीही या ना. तुमची सॅक मी घेईन."