जावयाला कापायचं कुठे?

त्या रविवारी सकाळी अकरा वाजता मी अंघोळ करायचं ठरवलं आणि माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं. आता अंघोळीचा आणि लग्नाचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. माझी बायको सानाए विचारणार नाही. तिच्या मते मी कशाचाही कशाशी संबंध लावून घोटाळा करू शकतो.

झालं असं, की आमची कोनात्सु टोकियोहून फोनवर म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी उचिबोरी येतोय तोयामाला. तुम्हाला भेटायला."

"कोण उचिबोरी?"

"अहो, ज्याच्याबद्दल मी वर्षभर सांगतेय तो!" ती चिडलीच. "मागणी घालायला येतोय. ॲनिमेत काम करतो तो. मोठ्यांसाठीच्या. मारामारीच्या."

"मारामारी करतो?"

"बाबा! मालिका बनवतात त्या कंपनीत आहे. आणि हे बघा, त्याच्याशी नीट बोला हं. आजोबांनी तुमचं केलं तसं त्याचं करू नका."

हे वाक्य मात्र काळजात घुसलं. कारण आजोबांनी, म्हणजे माझ्या सासरेबुवांनी, माझं जे केलं ते मी अजून विसरलेलो नाही. मी सानाएला मागणी घालायला गेलो होतो. नवा काळा सूट, हातात मिठाईचा खोका. गुडघे टेकून, भारदस्त आवाजात म्हणालो, "आपली मुलगी मला द्या." सासरेबुवांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. आणि म्हणाले, "आज ढगाळ आहे."

बस्स. होही नाही, नाहीही नाही. लग्न झालं, मुलगी झाली, मला टक्कल पडलं, तरी मी सासुरवाडीला गेलो की ते तेच म्हणतात. ऊन असलं तरी. इतकी वर्षं मी त्या माणसाशी फक्त ढगांवर बोलत आलोय. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, की माझा जावई माझ्या घरून असा ढग घेऊन जाणार नाही. त्याला माझ्याकडे यावंसं वाटलं पाहिजे.

म्हणजे मला ॲनिमेबद्दल बोलता आलं पाहिजे. आणि मी शेवटचं कार्टून पाहिलं तेव्हा मला दुधाचे दात होते.

मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात कारकून आहे. सोमवारी डबा खाताना आमच्या विभागप्रमुख इसोगाई बाईंसमोर सहज बोलून गेलो, की मोठ्यांसाठीच्या मारामारीच्या मालिकांमध्ये चांगली कुठली म्हणायची? बाई साठीच्या उंबरठ्यावर, करड्या केसांचा घट्ट अंबाडा. पाणी तोडलेले लोक भांडायला येतात ते बाईंचा चेहरा पाहून माफी मागून परत जातात. मला वाटलं, आता झापणार.

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "काजिता," त्या म्हणाल्या, "तुम्हाला रक्त किती चालतं?"

"अं... मध्यम?"

"मध्यम काही नसतं. 'शेवटचा जल्लाद' बघा. पहिल्याच भागात गाव साफ. पण तो जल्लाद फार बोलतो. तलवार उपसतो आणि आईची आठवण काढत बसतो. तोवर समोरचा म्हातारा होतो. त्यापेक्षा 'पोलादी विधवा' कधीही सरस. बोलणं नाही, रडणं नाही, थेट कापणं."

"आणि ते... 'रात्रपाळीचे राक्षस'?"

"चित्रं सुंदर, गोष्टीत राम नाही," बाई तुच्छतेने म्हणाल्या. "पोरासोरांनी बघावं. सगळे मरतात आणि पुढच्या भागात परत येतात. मेलेल्या माणसाने मेलेलं राहावं, काजिता. एवढी शिस्त हवी."

मी तिन्ही बघायला घेतल्या. वेळ कमी म्हणून दुप्पट वेगाने. (हल्ली सगळे तसंच बघतात म्हणे.) दुप्पट वेगात जल्लादाची आई आणि विधवेचा नवरा एकाच वेळी मरू लागले. जेवताना एक मुंडकं उडून पडद्यावर आदळलं आणि सानाएने भाताचा वाडगा ठेवून दिला.

"अहो, जेवताना तरी मुंडकी नकोत."

"मुलीसाठी करतोय मी हे!"

"मुलीसाठी गेल्या रविवारी गटार साफ करायचं होतं, ते करा."

शनिवारपर्यंत माझ्या डोक्यात नुसता खिमा झाला होता. कोण कुणाला का मारतो याचा पत्ता नाही. जावई एक वाजता यायचा होता. म्हणून रविवारी अकराला मी गरम पाण्याच्या टबात बसलो, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि उजळणीसाठी इसोगाई बाईंना लावला. इथवर मी केलं त्यात काही चुकलं असेल तर सांगा.

आमच्या टबाशेजारी भिंतीवर एक यंत्र आहे आणि त्याचा जोडीदार स्वयंपाकघरात. पाणी तापलं की दोन्हीकडून एक बाई गोड आवाजात तसं सांगते. (घरात माझ्याशी इतकं गोड बोलणारी ती एकटीच.) पाणी पुन्हा तापवायचं बटण वरचं. खालचं बटण बोलण्याचं, म्हणजे एखादा म्हातारा टबात घेरी येऊन पडला तर त्याला स्वयंपाकघरात हाक मारता यावी. पाणी कोमट वाटलं म्हणून मी बटण दाबलं. चष्मा बाहेर होता, न्हाणीघरात वाफ दाटली होती. आणि दाबलं ते खालचं.

तिकडे काय झालं, ते मला मागाहून कळलं. उचिबोरी अडीच तास आधीच आला होता. पण लवकर बेल वाजवणं म्हणजे असभ्यपणा, म्हणून तो बिचारा काळा सूट घालून, मिठाईचा खोका घेऊन आमच्या घराभोवती फेऱ्या मारत बसला. शेजारणीला वाटलं, वसुलीवाला आहे. तिने सानाएला फोन केला, सानाएने आदल्या रात्रीच घरी आलेल्या कोनात्सुला पाठवलं आणि त्याला ओढून आत आणलं. बैठकीची खोली अजून आवरायची होती, म्हणून तो बसला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. भिंतीवरच्या यंत्राच्या बरोब्बर खाली. सानाएने चहा ओतला. आणि भिंतीतून माझा आवाज आला.

"बाई, पाहुणा यायच्या आत एवढं सांगा. जावयाला कापायचं कुठे? दारात की अंगणात?"

"अंगणात," भिंतीतून इसोगाई बाई म्हणाल्या. "दारात फक्त हात तोडायचा."

"म्हणजे मागणी घातल्यावर लगेच?"

"लगेच. वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही."

"आणि मुंडकं?"

"सासूच्या ताटात."

म्हणे उचिबोरीने चहाचा पेला अगदी हळू खाली ठेवला आणि सानाएसमोरच्या ताटाकडे पाहिलं. त्यात मुळा होता.

"कोनात्सु," तो पुटपुटला, "मी अंगणातूनच आलो ना?"

"थांब, असेल काही तरी," कोनात्सु म्हणाली. पण तिचाही चेहरा पांढरा पडला होता. सानाए यंत्र बंद करायला उठली आणि तेवढ्यात मी टबात बसून मन मोकळं करू लागलो.

"खरं सांगू बाई? मला यातलं एकही आवडलं नाही. जल्लादाच्या वेळी मी घोरलो. राक्षसांच्या वेळी सानाएने पांघरूण घातलं. आणि ती विधवा! ती जावयाची मान कापते ना, तो आवाज! अहो, आमची ही कोबी चिरते तसा आवाज येतो. दर खुनाला मला भूक लागते! कुणी काढलाय तो आवाज, त्याला एकदा समोर उभा करा माझ्या."

सानाएचा हात यंत्रापाशी थांबला, कारण उचिबोरी खुर्चीतून उभा राहिला होता. ताठ. कोनात्सुने कपाळावर हात मारला.

"आवडत नाही तर कशाला बघता?" बाईंनी विचारलं.

"कशाला म्हणजे? पोरगा येतोय माझ्याकडे. त्याच्याशी बोलायला नको? माझ्या सासऱ्याने मला आयुष्यभर ढगांवर ठेवलं. या पोराला तरी वाटायला हवं, की इथे आपलं कुणीतरी आहे. तोही ढगांवर बोलून परत गेला ना बाई, तर मी याच टबात जीव देईन!"

"अहो," भिंत म्हणाली.

मी म्हणालो, "बाई, तुम्ही मला अहो का म्हणताय?"

"अहो, जीव द्यायच्या आधी कपडे घाला. पाहुणे येऊन बसलेत. इथे सगळं ऐकू येतंय."

माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याचं वर्णन मी करणार नाही. भीती, लाज आणि साबण या तिन्हींचा तो मिळून आवाज होता. मी उठायला गेलो, पाय घसरला आणि त्याच आवाजासकट मी पुन्हा पाण्यात गेलो. शेवटचे बुडबुडेसुद्धा स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू गेले म्हणे.

पाच मिनिटांत मी सूट घालून बैठकीच्या खोलीत होतो. केसांतून (आहेत तेवढ्या) पाणी गळत होतं. समोर उचिबोरी, दोन्ही हात चटईवर टेकून, मान खाली. कोनात्सु माझ्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत 'बाबा, आता तरी!' एवढंच लिहिलेलं. मी आठवडाभर पाठ केलेलं आठवू लागलो. जल्लाद, विधवा, राक्षस. सगळं टबातच वाहून गेलेलं. तोंड उघडलं आणि काय सांगू तुम्हाला, त्यातून बाहेर पडलं, "आज ढगाळ आहे."

कोनात्सुने डोळे मिटून घेतले. मला रडूच आलं असतं. ज्या माणसाला मी इतकी वर्षं मनातल्या मनात नावं ठेवली, तोच माझ्या घशात येऊन बसला होता.

उचिबोरीने मान वर केली. "बाबा," तो म्हणाला, "ती कोबीच होती."

"काय?"

"त्या विधवेचे आवाज मी तयार करतो. मान कापायची म्हणजे कोबी. थोडी शिळी घ्यायची, ताजी फार कुरकुरते. आजवर कुणाला ओळखू आली नाही. आमच्या दिग्दर्शकालासुद्धा नाही. तुम्ही पहिले." आणि एवढ्याशा आवाजात पुढे म्हणाला, "माझ्यासाठी एवढं कुणी कधी बघितलं नव्हतं. माझ्या घरचेही बघत नाहीत. आपली मुलगी मला द्या."

"घे!" मी ओरडलो. "आत्ता घे!"

"अहो, ती काय मुळा आहे?" सानाए म्हणाली, पण पदराला डोळे पुसावेत तसे तिने ॲप्रनला पुसले.

मग तो पोरगा जरा घुटमळला. "बाबा, अजून एक मागू? मघाशी टबात तुम्ही जो आवाज काढलात... आम्ही कधीपासून एक मरणाची किंकाळी शोधतोय. बरेच नट येऊन गेले. असं आतून कुणाचं आलं नाही." त्याने पिशवीतून ध्वनिमुद्रणाचं यंत्रच काढलं. (मागणी घालायला जातानाही हे लोक ते सोबत नेतात.)

मी सूटसकट टबात उतरलो. किंचाळलो. शेजारीण धावत आली. पुन्हा किंचाळलो. तेव्हा पिशवीतला फोन, जो मी बंदच केला नव्हता, बोलला, "काजिता, मघाचं जास्त चांगलं होतं."

लग्न ठरलं. आणि मी जरा हवेतच गेलो, हे कबूल. 'पोलादी विधवा'च्या नव्या हंगामात तिचा वैरी सम्राट मरणार होता, आणि मरणाची किंकाळी म्हणजे दुसरं काय असणार? मी खात्यात सगळ्यांना सांगून टाकलं. ज्यांची पाणीपट्टी थकली होती त्यांनाही सांगितलं. तो भाग आला तेव्हा इसोगाई बाईंनी जेवणाच्या सुट्टीत मोठा पडदा लावला. अख्खं खातं डबे घेऊन बसलं. मी पुढच्या रांगेत, टाय नीट करून.

सम्राट लढला. सम्राट पडला. आणि सम्राट मेला, एक चकार शब्द न काढता! मी चुळबुळलो. मग विधवा वळली, चिखलातून चालू लागली आणि तिच्या पायाखाली एक बेडूक आला.

तो मी होतो.

बुडबुड्यांसकट.

खात्यात कुणी हसलं नाही. सगळ्यांनी फक्त आपापल्या भातात तोंडं खुपसली. इसोगाई बाई म्हणाल्या, "मेला तो मात्र मेलेलाच राहिला. शिस्तीचा बेडूक."

संध्याकाळी घरी फोन वाजला. सासरेबुवा! त्यांनी आपणहून मला फोन केल्याचं मला तरी आठवत नाही. कोनात्सुने म्हणे त्यांना तो भाग मुद्दाम दाखवला होता.

"पाहिलं," ते म्हणाले.

मी खिडकीबाहेर पाहून ढग शोधू लागलो. म्हटलं, आता विचारतील.

"बेडूक आला तसा आवाज ओळखला मी. कोनात्सुने सांगायच्या आधीच."

"आपण ओळखलात?" मी फोन दोन्ही हातांनी धरला. इतक्या वर्षांनी हा माणूस ढगांपलीकडचं काही बोलत होता!

"न ओळखायला काय झालं? मुलगी मागायला आला होतास, तेव्हा हाच आवाज काढला होतास," सासरेबुवा म्हणाले. "आम्हाला हसू आवरेना. म्हणून मी विषय बदलला."