नदीकाठच्या निळ्या कापडांची चोरी

“डोळे देवाने सगळ्यांना दिले; नजर मात्र एकट्या बालिकोवाला!” असं आमचे गुप्तहेर साहेब रोज दाढी करताना आरशाला सांगतात. मग गाल कापून घेतात. मी तेन्यवा, त्यांचा सहायक. कापूस आणणं हे माझं मुख्य काम.

त्या दिवशी कागोया बाई धापा टाकत आल्या. रक्त पिणारे कोणते किडे कुठे राहतात, हे बघायला त्या जिंजा शहराहून आलेल्या. डास घरोघरी सापडले, काळ्या माशा धबधब्यापाशी. राहिली होती त्सेत्से माशी: माणसाला झोपेचा आजार देणारी, गुरांना खंगवणारी. तिला निळा रंग आवडतो, म्हणून नदीकाठी निळ्या कापडांचे सापळे टांगलेले. ते सगळे गायब!

“आज इथे ही माशी आहे हे दाखवता आलं नाही, तर तुमच्या गुरांचं औषध दुसऱ्या गावाला जाईल,” बाई म्हणाल्या.

बाईंचे सापळे गेले होते, आणि माझ्या गाईचा सापळा झाला होता.

साहेबांनी भिंग काढलं. “हा पलीकडच्या गावाचा डाव!”

“साहेब, पलीकडे गाव नाही, तळं आहे.”

“मग पाणघोडा!”

“पाणघोडा कापड नेऊन काय करणार?”

“तेच तर रहस्य आहे, गाढवा!”

मग त्यांनी निळा शर्ट घातलेल्या पोस्टमास्तरांना धरलं. शर्टाला बटणं निघाली, म्हणून सोडलं.

एवढ्यात साहेबांची बायको, नांगोबी वहिनी, शेंगदाण्याचं कालवण ढवळता ढवळता कुंपणावरून ओरडल्या, “मुतेसी आजी, निळी कापडं दिसली का गं कुठं?”

“दिसली काय, घरातच आहेत!” आजी म्हणाली. “आभाळ भरून आलेलं. कुणाचं तरी धुणं भिजेल म्हणून काढून आणलं. धुऊन इस्त्रीही केली. हल्लीच्या सुनांना धुणं वाळत घालायची अक्कल आहे का?”

“आणि आतल्या माशा?” बाई किंचाळल्या.

“कोंबड्यांना घातल्या. आवडल्या हो त्यांना.”

आम्ही नदीकडे पळालो. साहेब निळी कापडं अंगाभोवती गुंडाळून काठावर उभे राहिले आणि भाषण करू लागले. “या बालिकोवाच्या नजरेतून… आई गं!… चोर कधी… मेलो!”

“हलू नका!” कागोया बाई जाळी घेऊन धावल्या. “त्सेत्से! अस्सल त्सेत्से!”

“अगं, चावतायत!”

“चावू द्या हो,” वहिनी म्हणाल्या, “गुरांचं औषध यायचंय!”

औषध आलं. माझी गाय चारा खाऊ लागली. साहेबांना मात्र दवाखान्यात नेऊन त्यांचं रक्त तपासलं.

“पुन्हा पुन्हा बघितलं,” डॉक्टर म्हणाले, “काहीच सापडलं नाही.”

वहिनींनी डॉक्टरांना खालीवर न्याहाळलं. “अगंबाई! तुम्हीपण गुप्तहेर का?”