सुगंधाबाईंची पेटी ऐकू आली

"यंदा तुही पेटी अख्ख्या गावाले आयकू येईन. लिहून घे," असं धनराज भाताचा घास घेता घेता छातीठोकपणे बोलून गेला. बोलल्या बोलल्या त्याला पश्चात्ताप झाला. पण सुगंधाबाईंनी वरणाची पळी हवेतच थांबवून त्याच्याकडे पाहिलं आणि शब्द मागे घ्यायची सोय राहिली नाही.

धनराजची साउंड सर्व्हिस होती. मूल गावाच्या आसपास बारसं असो की तेरवी, भोंगे त्याचेच. सुगंधाबाई गावच्या महिला भजन मंडळात पेटी वाजवत. आता खंजिरी भजन म्हटल्यावर पेटीचं काय चालणार? आठ-दहा बायकांनी एकदम खंजिऱ्यांवर थाप मारली की शेजारी ट्रॅक्टर चालू असला तरी कळत नाही. दर वर्षी भजन स्पर्धेत या मंडळाचा दुसरा नंबर यायचा, पहिला सावली गावच्या मंडळाचा. आणि दर वर्षी त्याचं खापर धनराजच्या डोक्यावर फुटायचं.

"तुमचं 'हॅलो, माइक चेक' पार सावलीपर्यंत जाते जी. माही पेटी माह्या मांडीपर्यंत बी येत नाई."

धनराजनं काय कमी खटपट केली होती? पेटीपुढे माइक ठेवला की त्यात खंजिऱ्याच घुसत. आवाज वाढवला की स्पीकरचे बॉक्स शिट्टी मारत. माइक पेटीच्या अगदी जवळ नेला, तर सुगंधाबाईंच्या बांगड्या तेवढ्या ऐकू आल्या. दोष माइकचा, बोलणी मात्र नवऱ्याला. माणूस थकणार नाही तर काय!

म्हणून या वेळी त्यानं चंद्रपूर गाठलं. अश्वजित नावाच्या दोस्ताचा तिथं रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता. त्याच्याकडून त्यानं एक कंडेन्सर माइक उसना आणला. हा माइक म्हणे कुजबुजसुद्धा टिपतो.

"लई नाजूक हाय, भाऊ," अश्वजित म्हणाला. "फुंकू नोको, आपटू नोको, ओल लागू देऊ नोको."

त्यानं सगळं सांगितलं. एक तेवढं सांगायचं राहिलं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी, खंजिऱ्या यायच्या आत, धनराजनं देवळापुढच्या मांडवात तो माइक लावला. सुगंधाबाईंनी पेटीवर एक सूर धरला. मोठ्या बॉक्समधून तो असा गोड निघाला की स्पर्धा समितीचे अध्यक्ष भैयाजी चहाचा कप घेऊन मागून धावत आले.

"कोण वाजवून राह्यलं?"

"मी जी," सुगंधाबाई लाजून म्हणाल्या, आणि धनराजकडे बघून हसल्या. लग्नानंतर त्या अशा हसल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याला मनापासून बरं वाटलं. त्याच आनंदात तो जनरेटर बघायला गेला आणि तिथंच घात झाला.

सुगंधाबाईंच्या घरी नवीन वस्तू आली की आधी तिची पूजा. फ्रीजची झाली होती, मोटारसायकलची झाली होती, मोबाइलचीही झाली होती. आज तर पेटीची पूजा होतीच. मग ज्याच्यामुळे तिला वाचा फुटली, तो कसा वगळायचा? धनराज परत आला तेव्हा माइकच्या जाळीवर हळदकुंकवाची बोटं उमटली होती, वर झेंडू होता, आणि तुळशीपत्रानं पाणी शिंपडणं चालू होतं.

"काय करून राह्यली वं!"

"नारळ नाई फोडला त्याच्यावर," त्या म्हणाल्या. "नाजूक हाय म्हणाले होते ना तुमी."

त्यानं माइक चालू केला. बॉक्समधून कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज आला, आणि मग काहीच येईना.

सुगंधाबाईंचा चेहरा उतरला. त्यांना रागवण्याची त्याची हिंमत झाली नाही. एव्हाना स्पर्धा सुरू होऊन भैयाजी दुसऱ्या माइकवरून मंडळाचं नाव पुकारत होते. धनराजनं पेटारा उपसला. तळाशी लग्नात गुरुजींच्या उपरण्याला लावायचा लहानसा कॉलर माइक होता. तो त्यानं कापसात गुंडाळला, पेटीचं झाकण उघडून आत टेपनं चिकटवला आणि झाकण लावलं. बाहेर खंजिऱ्या कडाडल्या तरी आतल्या माइकला पेटीशिवाय काही ऐकू जाईना. तोंडभर स्तुती करावी असा तो लहानसा माइक निघाला. पेटी अख्ख्या गावाला ऐकू आली.

आणि गावाला कळलं, की मंडळाच्या गायिका रंजीताबाई गातात एका पट्टीत आणि पेटी वाजते दुसऱ्याच पट्टीत.

रंजीताबाई बिचाऱ्यांना पेटी कधी ऐकूच आली नव्हती. खंजिरीच्या दणक्यात त्या आपल्या मनानं सूर धरत, सुगंधाबाई आपल्या मनानं बोटं चालवत, आणि सगळं सुखानं चाललं होतं. आता दोघी एकाच बॉक्समधून भांडायला लागल्या. परीक्षकांनी पेन खाली ठेवला. मांडवाच्या खांबाला बांधलेली बकरी उठून उभी राहिली.

धनराजचा हात बटणावर गेला. आवाज बारीक करणं एवढंच काम होतं. पण समोर सुगंधाबाई डोळे मिटून, मान डोलावत, आयुष्यात प्रथमच भजनात स्वतःची पेटी ऐकत होत्या. त्यानं हात परत घेतला.

निकालात मंडळाचं नाव उत्तेजनार्थलाही नव्हतं. पहिला नंबर सावलीचा.

"पेटी चुकली," रंजीताबाई म्हणाल्या.

"गळा चुकला," सुगंधाबाई म्हणाल्या.

मग दोघींनी मिळून धनराजकडे पाहिलं.

घरी जाताना मोटारसायकलवर मागे पेटी मांडीवर घेऊन सुगंधाबाई बसल्या होत्या. दोन्ही बाजूंच्या शेतांतल्या धानाच्या बांध्या मागे पडत होत्या. धनराज स्फोटाची वाट बघत होता. अश्वजितला माइकमधलं कुंकू कसं समजावून सांगायचं, हा विचारही त्याला त्यापुढे किरकोळ वाटत होता.

"का जी," मागून आवाज आला. "पुढं भद्रावतीले स्पर्धा हाय. साउंड तुमचाच ना?"

"माहाच."

"थो लहान माइक संग घ्या."

धनराजनं आनंदानं गाडी हळू केली. एवढं होऊनही हिचा आपल्यावर विश्वास आहे!

"घेतो," तो म्हणाला. "पण आधी रंजीताबाईसंग बसून पट्टी जुळवून घे."

"आमच्यासाठी नाई," सुगंधाबाई शांतपणे म्हणाल्या. "सावलीवाल्यायच्या पेटीत ठेवा."