दिवा कुठे लुकलुकतोय?

"आजी, कोणालाही फोन करायचा नाही! आबा स्वतःच दुरुस्त करताहेत!" भिंगरीनं घरभर सांगून टाकलं, आणि आबांची छाती दोन बोटं तरी पुढे आली.

भिंगरीची बुद्धिबळाची अंतिम लढत पाच वाजता होती. घरी बसून, इंटरनेटवरून. कालच्या सामन्यात पडदा सारखा गोठत होता आणि घड्याळ मात्र धावत होतं. पोर हरता हरता वाचली होती. दुरुस्तीवाल्याला बोलवावं, असं आजीचं मत होतं. पण वाचनालयात मुलांना संगणक शिकवणारे आबा घरात असताना बाहेरचा माणूस? छे!

"पहिला नियम काय?" आबांनी कीबोर्ड पुढे ओढला.

"आधी बघायचं, मग हात लावायचा!"

"शाब्बास!" पडद्यावर आज्ञा लिहायची काळी खिडकी सकाळपासून उघडीच होती. आबांनी तिथे एका बोटानं 'ईथटूल' असं लिहिलं. "ही आज्ञा नेटवर्क कार्डाला विचारते, बाबा रे, तुझी जोडणी नीट आहे ना? आणि किती वेगानं बोलतोयस?"

उत्तर आलं. जोडणी आहे. वेग दहा. पद्धत हाफ.

"दहा? हजार हवा! आणि हाफ म्हणजे एक बोलत असेल तर दुसऱ्यानं गप्प बसायचं. फुल म्हणजे दोघांनी एकदम बोलायचं."

"मग आपलं घर फुल!"

"कसलं फुल!" आजी आतून म्हणाली. "हे शिकवायला बसले की सगळं घर हाफ."

आबांनी ते ऐकलंच नाही. "केबल जुनी झालीय," असा निकाल देऊन त्यांनी कपाटातली नवी केबल जोडली आणि पुन्हा विचारलं. दहा. हाफ.

"हट्टी आहे," आबा म्हणाले. "मागे केबल खोचायच्या दोन जागा आहेत. आपण जिच्याशी बोलतोय ती कुठली, ते बघू. कार्डाला दिवा लुकलुकवायला सांगता येतं."

"खरंच?" भिंगरीचे डोळे मोठे झाले. त्या डोळ्यांसाठी आबांनी दहा आज्ञा पाठ केल्या असत्या. त्यांनी ऐटीत आज्ञा सोडली. बॅटरी घेऊन टेबलाखाली जायची पाळी आजीवर आली.

"लुकलुकतोय का गं?"

"नाही."

"नीट बघ!"

"अहो, नीटच बघतेय. तुमचा मोजा सापडला, गेल्या थंडीतला. दिवा काही नाही."

तेवढ्यात फोन वाजला. वाचनालयाच्या बाई होत्या. "आबा, आपला मोठा संगणक वेड्यासारखा डोळे मिचकावतोय हो! वाचक गोळा झालेत. एक जण म्हणतो, स्फोट होईल. वायर उपटू का?"

"उपटू नका!" आबा ओरडले, पण का, ते त्यांनाही कळेना.

भिंगरी पडद्याला नाक लावून बघत होती. "आबा, या ओळीच्या सुरुवातीला संगणकाचं नाव असतं ना? इथे तर वाचनालय लिहिलंय."

आबांनी चष्मा पुसला. सकाळी वाचनालयाच्या कामासाठी ते घरूनच तिकडच्या संगणकात शिरले होते, आणि बाहेर यायचं राहूनच गेलं होतं. इतका वेळ केबल घरची बदलत होते आणि चौकशी वाचनालयाची चालली होती.

"बाई, माझ्या नातीनं ओळखलं बघा! एका नजरेत!" फोनवर त्यांचा आवाज चढला. मग त्यांनी दिवा थांबवला आणि तिथल्या कार्डाला, वेग तुझा तूच ठरव, असं सांगितलं. पडदा गोठला. तिघांनी श्वास रोखला. मग उत्तर आलं. हजार. फुल.

"अगंबाई!" फोनमधून आवाज आला. "पुस्तकांची यादी चटकन उघडली! तुमच्या उन्हाळी वर्गापासून हे यंत्र रडत होतं. शेवटी तुम्हीच बरं केलंत!"

"अहो, त्यात काय एवढं," आबा मिशीवरून हात फिरवत म्हणाले.

भिंगरीनं तोवर नवी खिडकी उघडून घरच्या संगणकाला विचारलं होतं. हजार. फुल. रोग केबलचाच होता आणि कधीच बरा झाला होता.

"आबा," ती म्हणाली, "त्या वर्गात तुम्ही हजारचा वेग दहा कसा करायचा, ते दाखवलं होतं ना? मग परत हजार कधी केलात?"

आबांनी हळूच फोन बंद केला.

"पाच वाजले बघ. पांढऱ्या सोंगट्या तुझ्या. खेळ, घड्याळ चालू झालंय!"

पडदा एकदाही गोठला नाही. भिंगरी जिंकली. पंचांनी पडद्यावरून विचारलं, "इतका शांत खेळ कोणी शिकवला?"

"आमच्या आबांनी! ते म्हणतात, आधी बघायचं, मग हात लावायचा."

आबा मागे ताठ बसले होते. डोळे भरले होते, मान वर होती. आजीनं त्यांच्या मांडीवर गेल्या थंडीतला मोजा ठेवला.

"आणि काम झालं की होतं तसं ठेवायचं," ती हळूच म्हणाली. "तेही शिकवा पोरीला."