कौन्सिलला माहीत नव्हते

मंगळवारी सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेताना वळसा घालायचा नाही, एवढाच निर्णय नेव्हिल ट्रेझाइजने घेतला. दारापुढच्या अंजिराच्या मुळाने फुटपाथची फरशी वीतभर उचलली होती. त्याची बायको मॉरीन रोज तिला टाळून जाई.

"एकोणीस वर्षं कौन्सिलात घासली मी," नगरपालिकेतला कारकून नेव्हिल म्हणाला. "आपल्याच फुटपाथला काय भ्यायचं?"

डब्याचं चाक फरशीला अडलं, डबा आडवा झाला आणि नेव्हिल त्याच्यावर. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. शनिवारी बोल्सची, म्हणजे हिरवळीवर जड गोळे घरंगळवायच्या खेळाची, अंतिम फेरी होती, अकरा वर्षांनी त्याचा क्लब तिथे पोचला होता. (त्याच्या जागी एका दंतवैद्याला घेतलं. तो कप घेऊनच आला.)

"दावा ठोकतो कौन्सिलवर," प्लास्टरातला हात उंचावत नेव्हिल गरजला.

आता कौन्सिलात असे दावे फेटाळायचं टेबल कुणाचं, तर नेव्हिलचंच. कायदा असा, की फुटपाथ धोक्याचा आहे हे दुरुस्ती खात्याला ठाऊक असेल तरच कौन्सिल भरपाईला बांधील. मग ठाऊक होऊच का द्यायचं? तक्रारी आल्या की नेव्हिल त्या खालच्या ड्रॉवरात सारायचा आणि दुरुस्ती खातं सुखाने अडाणी राहायचं. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. या कर्तृत्वाबद्दल त्याला एक मानपत्रही मिळालं होतं. ते त्याने संडासाच्या दारासमोर लावलं होतं, म्हणजे पाहुणे हमखास वाचत.

"फक्त त्यांना ठाऊक होतं, एवढं सिद्ध करायला हवं," तो म्हणाला.

"मी तीनदा फोन केला होता," मॉरीन शांतपणे म्हणाली.

"वा! उचलला कुणी?"

"तू. 'मॅडम, लेखी द्या' म्हणालास. बारा वर्षं संसार केलाय आपण, नेव्ह, आणि मॅडम."

"मग लेखी द्यायचं होतंस."

"दिलं. फोटोसकट. तुझ्याच जेवणाच्या डब्यात घालून दिलं, सँडविचच्या खाली."

नेव्हिलला ते पत्र आठवलं. त्याला लोणी लागलं होतं, म्हणून त्याने ते सर्वांत तळाशी ठेवलं होतं. आता ते बाहेर काढावं तर नोकरी जाणार, न काढावं तर मनगट फुकट मोडलं. इकडे आड, तिकडे विहीर.

"काढ ते पत्र," मॉरीन म्हणाली. "उद्या तिथे एखादी म्हातारी पडेल."

"बघू," नेव्हिल म्हणाला. कौन्सिलात 'बघू' म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

शेवटी त्याने पत्राशिवायच दावा केला. साहेब भले आहेत, आपल्या माणसाला सांभाळतील, अशी त्याची समजूत. तीन आठवड्यांनी लखोटा आला. डाव्या हाताला फाडता येईना, म्हणून मॉरीननेच फोडून मोठ्याने वाचला.

"'सदर फरशीबाबत कौन्सिलला माहीत नव्हते. आपण मात्र तिच्यासमोर बारा वर्षे राहता, तेव्हा धोका आपल्याला माहीत असायलाच हवा होता. आपल्या निष्काळजीपणाबद्दल खेद वाटतो.'"

"हलकट," नेव्हिल ओरडला. "माणुसकी नाही मेल्यांना. सही कुणाची आहे?"

मॉरीनने कागद त्याच्यापुढे धरला. त्याच्या रजेत टेबल सांभाळणाऱ्याने नेव्हिलचाच छापील नमुना वापरला होता, खाली नेव्हिलच्याच सहीसकट.

"छान वळणदार आहे रे," ती म्हणाली. "जपून ठेव. आता तुला अशी जमायची नाही."