एमबॉक्स मुलुखावरील स्वारी आणि कचऱ्यातील जामदारखाना

विदित व्हावे समस्तांस, की जे लोक पासवर्ड विसरतात, बॅकअप उद्यावर टाकतात, आणि कॉम्प्युटर अडला म्हणजे त्यास चापट मारतात, त्यांचे बोधास्तव ही हकिगत लिहिली असे. लिहिणाराने कोणाची भीड धरिली नाही. जावईबापूंची तर बिलकूल नाही.

सासूबाईसाहेब, निवृत्त मेट्रन, ज्यांचे चपलांचा आवाज ऐकोन शिकाऊ डॉक्टर पाठ ताठ करीत, त्यांचे मागील खोलीत, इस्तरीचे टेबलावर, एक जुना कॉम्प्युटर नांदत होता. बटण आत रुतले, सबब पेन्सिलीचे बोथट टोकाने दाबावे, आणि मग पंखा ऐसा गरजे की शेजारी खिडक्या लावोन घेत. त्या यंत्राचे पोटात बाईंच्या थोरल्या ताईसाहेबांची ईमेलने आलेली पत्रे होती. ताईसाहेब गतवर्षी वारल्या. मेट्रनबाईंस "गप बस" म्हणणारी अवघे जगात ती एकच असामी होती, ती गेली, आणि तेव्हांपासोन बाई दुपारी दार लोटोन तिची जुनी पत्रे वाचीत व एकट्याच हसत.

पुढे यंत्र वारंवार मूर्च्छा पावू लागले, मग कन्येने नवा कॉम्प्युटर आणविला, आणि मोहिमेचा विडा जावईबापूंनी उचलिला. बाईंचा हुकूम जाहला की, "माझं सगळं टपाल नव्यात आलं पाहिजे. सगळं म्हणजे सगळं." बापू वदले, "आई, अर्ध्या तासाचं काम आहे." ऐसे वाक्य ज्या ज्या सरदाराने आजवर उच्चारिले, त्याचे जेवण थंड जाहले आहे.

जुन्या दौलतीची रीत ऐसी की, एका फोल्डरातील सारी पत्रे शेपटास शेपूट जोडोन एकच लांबलचक फाइल करावी, तिजला एमबॉक्स म्हणावे. नव्या दौलतीस मात्र पीएसटी नामे बंद पेटीखेरीज काही मंजूर नाही. मग बापूंनी रूपांतर करणारा एक प्रोग्राम चाकरीस ठेविला आणि स्वारी केली. पहिले स्वारीत तमाम मराठी अक्षरे प्रश्नचिन्हे होऊन परतली. दुसरे स्वारीत अक्षरांची सेटिंग बदलिली, तो मजकूर शुद्धीवर आला. प्रोग्रामाने पुसिले, कोणकोणते फोल्डर न्यावे? बापू मोठे टापटिपीचे, मोजेदेखील घडी घालोन ठेवणारे. त्यांनी सर्वांवर खूण केली आणि कचरा तेवढा वगळिला. मग फत्ते पुकारोन चहा मागविला. सासऱ्यांचा इस्तरीचे टेबलावर फार दिवसांपासोन डोळा होता, त्यांनी तेच घडीस जुने यंत्र उचलोन दारावरोन जाणारे भंगारवाल्याचे हवाली केले.

बाईंनी नवे यंत्र उघडिले, तो विजेची बिले आली, साड्यांच्या सेलच्या जाहिराती आल्या, एक जाहिरात गहाळ नाही. ताईसाहेबांचे पत्र एकही नाही.

"माझी ताई कुठाय?"

"कोणत्या फोल्डरात होती पत्रं, आई?"

"कचऱ्यात."

मग उलगडा जाहला तो ऐसा. ताईसाहेब नातलगांविषयी निर्भीडपणे लिहीत आणि प्रत्येक पत्राचे अखेरीस बजावीत, वाचून झालं की कचऱ्यात टाक. बाईंनी थोरलीचा शब्द कधी मोडिला नाही. "कचऱ्यात टाक म्हणाली होती," बाई बोलिल्या, "कचरा रिकामा कर असं काही म्हणाली नव्हती." इतके बोलोन त्यांचे डोळे भरोन आले. ते डोळे भरलेले आजवर कोणी पाहिले नव्हते. जावईबापूंनी स्कूटरची किल्ली उचलिली, आणि सासरे चपला शोधू लागले.

तात्काळ कूच जाहले. बापू स्कूटरवर पुढे, बाई मागे, सासरे पायदळ. भंगारवाल्याचे दुकानी, मोडक्या पंख्यांचे राशीत, यंत्र कुशीवर पडिले होते आणि तो स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याचे चिलखत उतरवीत होता. बाई वॉर्डातील आवाजात गरजल्या, "हात बाजूला!" भंगारवाला उडालाच. "मावशी, आईशप्पथ, अजून काही काढलं नाही!"

यंत्र मांडीवर घेऊन बाई घरी आल्या. पेन्सिलीने दाबिले, हूं नाही की चूं नाही. बापूंनी केबली तपासिल्या, मंत्र पुटपुटावे तैसे काही पुटपुटले, व्यर्थ. मग बाईंनी बापूंस बाजूस सारोन यंत्राचे कुशीत एक चापट मारिली, तो पंखा गरजला आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या धडाधड लागल्या.

बापूंनी ते समयी एकटा कचराच नेला, मोठ्या अदबीने. रूपांतराचे गडबडीत ताईसाहेबांची पत्रे थेट इनबॉक्सात उतरली, आणि सारी ठळक अक्षरांत, जणू कोणी अद्याप उघडिलीच नाहीत. बापू ओशाळोन म्हणाले, "आई, ही सगळी नव्यानं आल्यासारखी दिसतायत. नीट करून देऊ?"

"हात लावू नका," हुकूम जाहला. "ताईचं टपाल आलंय."

बाईंनी पहिले उघडिले. धाकटे, तू फार ओरडून बोलतेस, ऐसा आरंभ होता. बाई हसल्या. सासऱ्यांनी दारातून हळूच पुसिले, "माझ्याबद्दल काही?" बाईंनी त्यांजकडे एकवार पाहिले आणि पुढे वाचू लागल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. कचरा आपोआप रिकामा होण्याची सेटिंग बापूंनी बंद केली, दोनदा तपासिली, आणि पडद्याचे कडेस चिठी डकविली की येथील कचरा कोणी काढू नये. पहिले पत्र वाचोन संपले, तेव्हां मेट्रनबाईंनी डोळे पुसिले, आणि थोरलीचे हुकमाबरहुकूम ते कचऱ्यात टाकोन दुसरे उघडिले.